'वायुस्नेहन' की 'हवेचे वंगण'?

प्रश्न : जहाजाच्या तळाखाली हवेचे बुडबुडे सोडून पाण्याचे घर्षण कमी करण्याच्या पद्धतीला एका भाषांतरात 'वायुस्नेहन' म्हटलेले आढळले. हा शब्द मराठीत रुळेल का?

प्रतिसाद : शब्द व्याकरणाला धरून आहे, पण का खटकतो ते आमच्या परभणीकडचा कोणताही वैद्य सांगेल. स्नेह म्हणजे तेल-तूप. आयुर्वेदात वायू मुळात रूक्ष, आणि त्या रूक्षतेवरचा उपाय म्हणूनच स्नेहन सांगितलेले. त्यामुळे 'वायुस्नेहन' वाचताच जहाज नव्हे, तर वाताने धरलेल्या गुडघ्याला चोळलेले तेल डोळ्यांसमोर येते.

'हवेचे वंगण' मला बरे वाटते. बैलगाडीचे चाक उतरवून आखाला काळेकुट्ट वंगण फासताना आणि मग चाकाची कुरकुर थांबताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या शब्दाचे काम समजावून सांगावे लागत नाही. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आणि चिकटपणा सुमारे ५० पट असल्यामुळे, तळाला पाण्याऐवजी जितकी हवा लागेल तितकी ओढ कमी होते. जपानमध्ये २०१० साली 'यामाताई' या मालवाहू जहाजावर मित्सुबिशीची अशी यंत्रणा बसवली गेली.

दुसरा प्रतिसाद : आखाचे वंगण जागेवर राहते, जहाजाखालची हवा मात्र मागे निसटत असते, म्हणून ब्लोअर सतत चालवावे लागतात आणि त्यांना लागणारी ऊर्जा बचतीतून वजा करावी लागते. तळ रुंद आणि सपाट नसेल, तर हवा कडेने वर निघून जाते ती वेगळीच. अशा निसटत्या वस्तूला वंगण म्हणावे का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर : आक्षेप रास्त आहे, पण मराठीने हा शब्द आखापुरता ठेवलेलाच नाही. कचेरीत अडलेली फाइल 'वंगण' दिल्यावर सरकते, असे आपण म्हणतोच, आणि तेही एकदा देऊन भागत नाही! पद्धतीचे नाव 'हवेचे वंगण' ठेवावे. तपशिलात मात्र पाण्यात मिसळलेले 'सूक्ष्म बुडबुडे' आणि तळाला सलग लागून राहणारा 'हवेचा थर' हे शब्द वेगळे वापरावेत, कारण त्या दोन निराळ्या अवस्था आहेत. आणि त्याच भाषांतरात 'जहाजाचा पेंदा' असे असेल, तर तेवढे बदलावे. पेंदा घागरीला शोभतो.