ग्वाटेमालाच्या काँग्रेसमधील सदस्यांना ‘अपक्ष’ म्हणावे का?

प्रश्न : ग्वाटेमालाच्या राजकारणाविषयी लिहिताना तेथील काँग्रेसमधील, म्हणजे संसदेतील, ‘दिपुतादो इंदेपेन्दिएन्ते’ (शब्दशः ‘स्वतंत्र सदस्य’) या स्पॅनिश संज्ञेसाठी ‘अपक्ष सदस्य’ हा शब्द चालेल का? तसेच ‘त्रान्सफुगा’साठी ‘पक्षांतर करणारा’ एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : ‘अपक्ष’ येथे वाचकाची दिशाभूल करील. आपल्याकडे अपक्ष म्हणजे कोणत्याही पक्षाच्या उमेदवारीशिवाय निवडून आलेला. ग्वाटेमालात काँग्रेससाठी उमेदवार उभे करण्याचा अधिकार केवळ पक्षांनाच असल्यामुळे तसा माणूस सभागृहात येऊच शकत नाही. तेथील ‘इंदेपेन्दिएन्ते’ हा पक्षाच्या यादीतून निवडून येतो आणि नंतर पक्षाविना उरतो. यामागचे कारण पक्षांच्या अल्पायुष्यात आहे. 1985 च्या राज्यघटनेनंतर एकाही पक्षाला देशाच्या अध्यक्षपदाची निवडणूक दुसऱ्यांदा जिंकता आलेली नाही, आणि अध्यक्षीय निवडणुकीत 5 टक्के वैध मते किंवा काँग्रेसमध्ये निदान एक जागा न मिळवणाऱ्या पक्षाची नोंदणीच रद्द होते. अशा पक्षावर निष्ठा ठेवायची तरी किती? 2015 साली जिमी मोरालेस यांच्या पक्षाला 158 पैकी 11 जागा मिळाल्या होत्या. ते अध्यक्ष झाल्यावर काही महिन्यांतच, इतर पक्षांतून आलेल्यांमुळे, त्यांचा काँग्रेसमधील गट तिपटीहून मोठा झाला. 2016 मध्ये कायदा बदलून दुसऱ्या गटात जाण्यास बंदी घातली गेली. तेव्हापासून पक्ष सोडणाऱ्याचे सदस्यत्व टिकते, मात्र त्याला नवा गट मिळत नाही आणि सभागृहातील महत्त्वाची पदेही मिळत नाहीत. आपल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पक्षत्यागाची शिक्षा सदस्यत्व जाण्याची आहे, हा फरक लक्षात घ्यावा. पक्षाने काढून टाकलेल्या खासदारासाठी आपल्या संसदीय व्यवहारात वापरला गेलेला ‘असंलग्न सदस्य’ हा शब्द मला येथे सर्वांत जवळचा वाटतो.

दुसरे मत : ‘असंलग्न’ नेमका आहे, पण वृत्तपत्राच्या वाचकाला तो शिक्षणसंस्थेच्या संलग्नतेची आठवण करून देईल. ‘पक्षाविना उरलेला सदस्य’ असे सरळ लिहिण्यात कमीपणा नाही. ‘त्रान्सफुगा’बद्दल म्हणाल, तर तो मूळचा शत्रूच्या गोटात पळून जाणाऱ्या सैनिकासाठीचा लॅटिन शब्द असल्याने त्यात धिक्कार भरलेला आहे, ‘पक्षांतर करणारा’ हा फारच तटस्थ होतो. ‘फितूर’ अर्थाने जवळ येतो, पण त्यात देशद्रोहाची छटा शिरते. ‘पक्षबदलू’ मला पुरेसा बोचरा वाटतो.

उत्तर : ‘पक्षबदलू’ मान्य. मात्र पक्षाविना उरलेल्या सर्वांना तो लावता येणार नाही, आणि म्हणूनच ‘असंलग्न’ किंवा आपण सुचवलेली सरळ शब्दरचना यांची गरज राहते. 2023 मध्ये बेर्नार्दो आरेवालो अध्यक्षपदी निवडून आले. पण त्यांच्या ‘सेमिया’ पक्षाची नोंदणी सरकारी वकिलांच्या कारवाईतून निलंबित झाली आणि जानेवारी 2024 मध्ये नव्या काँग्रेसमध्ये त्या पक्षाच्या 23 सदस्यांना ‘इंदेपेन्दिएन्ते’ ठरवण्यात आले. त्यांनी पक्ष सोडला नव्हता. पक्षच त्यांच्या पायाखालून काढून घेतला गेला होता. मूळच्या स्पॅनिश शब्दात हा भेद दिसत नाही, तेव्हा मराठीत तो वाक्यातूनच स्पष्ट करावा लागेल.

जाता जाता : नगरपालिकांच्या निवडणुकीपुरत्या स्थापन होणाऱ्या ‘कोमिते सिविको’साठी ‘नागरी समिती’ हे शब्दशः रूपांतर रूढ होईलही; पण महाराष्ट्रातील वाचकाला ‘शहर विकास आघाडी’ म्हटले की त्यांचे काम आणि आयुर्मान दोन्ही अधिक चटकन कळतात.