पेठा, वाडे आणि हेरिटेज वॉक : तुमचे अनुभव लिहा

तिसरा जिना
परवा भाची आणि जावई बंगळुरूहून आले होते. त्यांनी कसबा पेठेतल्या हेरिटेज वॉकला नावं दिली आणि सोबत माझंही दिलं. म्हटलं, अगं मी त्या पेठेत २१ वर्षं काढलीत, मला काय दाखवणार? तर म्हणे, मावशी, तू नुसती चल.

सकाळी ७ ला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर जमलो. सांगणारा मुलगा पंचविशीचा, गळ्यात छोटा स्पीकर, तयारी चांगली. १७३० ची पायाभरणी, १८२८ ची आग, सगळं बरोबर. आत्ताचा लाल महाल मूळचा नाही, महापालिकेनं १९८८ मध्ये पुरा केलेला आहे, हेही न लपवता सांगितलं. कसबा गणपतीला हात जोडले आणि मग एका बोळात वळून तो एका बिल्डिंगसमोर थांबला. पार्किंगच्या तोंडाशी जुन्या वाड्याची चौकट आणि दिंडी दरवाजा तेवढा ठेवलाय. म्हणाला, "अशा वाड्यांमधून सरदार घराणी राहायची."

सरदार कसले! आमची १४ बिऱ्हाडं होती. दोन संडास, चौकात एक नळ, मागे आड. आमच्या दोन खोल्यांचं भाडं १८ रुपये, तेही अण्णा थकवायचे.

दिंडीची कडी तीच आहे. अण्णा छापखान्यातून रात्री साडेबाराला यायचे तेव्हा ती दोनदा वाजायची. हळू, मालकीणबाई उठू नयेत म्हणून. मी हात पुढे केला तर तो मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, प्लीज हात नका लावू, जुनं आहे."

मी काही बोलले नाही. नंतर मिसळ खाल्ली.

कोणाला असं काही झालंय का? वॉकबद्दल लिहा, वाड्याबद्दल लिहा, काहीही लिहा.

नारायणपेठी
"जुनं आहे" हे तो दाराबद्दल म्हणाला की तुमच्याबद्दल?

तिसरा जिना
तेच तेव्हापासून विचार करतेय.

रविवारचा वाटाड्या
आधीच सांगतो, तो मी नव्हे. पण नोकरी सांभाळून ४ वर्षं हेच करतोय. हात लावू नका म्हणावंच लागतं हो, एकदा एका साहेबांनी सज्जाच्या कठड्याला रेलून फोटो काढायला घेतला, कठडा हातात आला. रविवारी सकाळी माझ्या पोटात गोळा.

लोकांना मात्र दोनच गोष्टी हव्या असतात, मस्तानी आणि "काका मला वाचवा". अमावस्येला ऐकू येतं का हो? मी सांगतो, ३० ऑगस्ट १७७३ ला मारला गेला तेव्हा नारायणराव १८ वर्षांचा होता. तुमच्या घरात कोणी १८ चं आहे का? मग जरा शांत होतात.

आणि कसब्यात प्रत्येक ओट्यावर एक इतिहासकार बसलेला असतो. फडके हौदापाशी एका आजोबांनी माझा अख्खा ग्रुप पळवला. पाऊण तास. मी मागे उभा राहून टिपणं काढली.

ओट्यावरून
दुसरी बाजू पण लिहितो. आम्ही अजून वाड्यात राहतो. दर रविवारी साडेसातला ३० माणसं दारात. माडीवर आमचे कपडे वाळत असतात, त्याचे फोटो काढतात. एकीनं आईला विचारलं, "आजी, इथे खरंच कोणी राहतं?" आई तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "नाही, मी पण बघायलाच आलेय."

शेवटी पाटी लावली. "येथे पेशवे राहत नव्हते. आम्ही राहतो. हळू बोला." आता पाटीचे फोटो काढतात.

कुंदाताई
हाहाहा. आईंना दंडवत.

यवतमाळची सून
लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा नवऱ्यानंच फिरवलं होतं, पैसे वाचवून. हा पासोड्या विठोबा, तो उपाशी विठोबा, हा जिलब्या मारुती, तो भांग्या मारुती, पलीकडे सोट्या म्हसोबा, सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधर. मी म्हटलं बाप्पा, तुमच्याकडे देवांनाही नावं ठेवतात, सुनेचं काय खरं! सासूबाई मागेच होत्या.

पत्रावळ
डुल्या मारुती राहिला. बटाट्या मारुती पण.

नारायणपेठी
गुपचूप गणपती कोणी मुद्दामच घेतला नाही वाटतं.

मोट
सिव्हिलवाला असल्यामुळे मला वाडे कमी आणि पाणीच जास्त दिसतं. वॉकमध्ये हौद दाखवतात, "पेशव्यांनी पाणी आणलं" म्हणतात आणि पुढे जातात. अहो थांबा की जरा! नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून दगडी नळ शहरात आणला. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. कात्रज उंचावर, शनिवारवाडा खाली, मधे तो उतार जिथल्या तिथे राखायचा. तलाव दोन, म्हणजे गाळ वरच्यात बसतो आणि खालच्यात निवळ पाणी येतं. नळात हवा कोंडू नये म्हणून जागोजाग उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायचे मनोरे, बांधलेत. हल्ली ते बिचारे कुठे कचऱ्याचा ढीग, कुठे पोस्टर लावायची जागा. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, सगळ्यांना हेच पाणी. आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर पाणी चढत नाही, मी सेक्रेटरी आहे, त्यामुळे या विषयावर मी भावुक होतो.

कुंदाताई
सोसायटीला दोन टाक्या बांधा ना मग, वरची आणि खालची.

मोट
खर्चाला मंजुरी कोण देणार, नानासाहेब?

निळी शाई
मी शाळेत शिकवते. २०१९ मध्ये सातवीच्या ४० मुलींना घेऊन बुधवार पेठेत गेले होते. दगडूशेठसमोर उभं राहून म्हटलं, १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे, भिडेवाड्यात. मुली म्हणाल्या, कुठे? समोर दुकानांच्या पाट्या, वर मोडकी गॅलरी, त्यातून पिंपळ उगवलेला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आपली शाळा त्याच्यापेक्षा बरी आहे." ते ऐकून मला हसावं की काय कळेना. डिसेंबर २०२३ मध्ये ते पाडलं, तिथे स्मारक व्हायचंय. त्या मुली आता कॉलेजात. ती मोडकी गॅलरी त्यांनी पाहिली एवढं बरं झालं. फोटो काढायचा मात्र मला सुचला नाही, ४० डोकी मोजण्यात वेळ गेला.

कुकर लावून आले
वाचतेय. तिसरी शिट्टी झाली की लिहिते.

लॅपटॉपवाला
ऑफिसनं टीम बिल्डिंग म्हणून नेलं होतं. २२ जण निघालो, मंडईत पोचेपर्यंत ९. बाकीचे "वॉशरूम शोधायला" गेले आणि नाश्त्याच्या टेबलावर सापडले. मंडईचं लक्षात राहिलं ते हे की १८८६ ला उघडली तेव्हा गव्हर्नरच्या नावानं रे मार्केट होती. ती बांधायचं घाटत होतं तेव्हा जोतिराव फुले नगरपालिकेत होते आणि एवढा पैसा इमारतीवर घालू नका म्हणून त्यांनी विरोध केला होता. आज नाव काय? महात्मा फुले मंडई. आमच्या मॅनेजरला ही गोष्ट भयंकर आवडली. तेव्हापासून मी कशाला विरोध केला की म्हणतो, थांब, तुझंच नाव देतो.

पत्रावळ
त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली माझ्या आजीचा लिंबाचा गाळा होता. म्हणजे गाळा नव्हे, पोतं अंथरून. असो.

नारायणपेठी
असो काय, लिहा की.

पत्रावळ
नंतर. गिऱ्हाईक आहे.

सासवडकर
गाडी कुठे लावता तुम्ही लोक? मागच्या वेळी वॉक दोन तास आणि पार्किंग शोधणं एक तास.

रविवारचा वाटाड्या
गाडी आणूच नका. आता मेट्रो आहे, कसबा पेठ किंवा मंडई. जिन्यानं वर आलात की पेठेतच.

ठोका
तांबट आळीचं कोणीच लिहिलं नाही? आम्हाला तिथे नेऊन सांगितलं, डोळे मिटा आणि ऐका. सगळीकडून हातोडीचे ठोके, प्रत्येकाची लय वेगळी. ते मठारकाम, भांड्याला ठोके देत जायचे, त्यानं पत्रा कडक होतो आणि वर चांदण्यांसारखे खळगे दिसतात. एक काका मान वर न करता म्हणाले, "ऐकायला रोज येतात. घ्यायला कोणी येत नाही." मला इतकी लाज वाटली की २ लोटे घेतले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, माळ्यावर बंब पडलाय तांब्याचा, तो कल्हई करून आण आधी. बंबाला बाहेरून कल्हई कशाला असं विचारलं तर त्याही गोंधळल्या. बंब अजून माळ्यावर.

यवतमाळची सून
चिंचेनं घासा, लख्ख होतो. वापरणार कशात पण? गॅलरीत धूर केला तर शेजारी अग्निशामक बोलावतील.

कुकर लावून आले
आले. आमचा वाडा नदीकाठी होता. १२ जुलै १९६१, पानशेत. आई तेव्हा ९ वर्षांची. वॉकमध्ये एक भिंत दाखवून "पाणी इथवर आलं होतं" म्हणाले, सगळ्यांनी मान वर करून बघितलं. आई सोबत होती. ती म्हणाली, पाण्याचं जाऊ दे, चिखलाचा वास सांगा यांना. पूर ओसरल्यावर आडात गाळ, ट्रंकेत गाळ, आजीच्या शालूच्या घडीत गाळ. तो शालू तिनं ७ वेळा धुतला आणि मग गोधडीला लावला. ती गोधडी मी पांघरलीये लहानपणी, चांगली ऊबदार होती. जरीचं टोचायचं मात्र.

तिसरा जिना
आईंना विचारा ना, पुरानंतर कुठे राहायला गेलात. आमच्या वाड्यात दोन पूरग्रस्त बिऱ्हाडं आली होती असं अण्णा सांगायचे.

कुकर लावून आले
विचारते. आत्ता झोपलीये.

गेंडा
मी या नावानं का लिहितो ते सांगायची आज संधी आहे. सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती आहे, काळ्या दगडाचं देऊळ, तीन सोंडेचा गणपती मोरावर बसलेला. दारावरच्या शिल्पात इंग्रज शिपाई साखळदंडानं गेंडा बांधतायत. अठराव्या शतकात, पुण्यात, गेंडा! आमच्या वॉकच्या बाईंनी फार मार्मिक अर्थ सांगितला, पण नेमका तेव्हा माझा मुलगा हरवला. १० मिनिटांनी सापडला, देवळामागे शेळीला चिप्स घालत होता. अर्थ राहिला तो राहिलाच.

नारायणपेठी
शेळीला कुठले चिप्स आवडले?

ओट्यावरून
तिसरा जिना ताई, तो मुलगा बुधवारी दुपारी एकटाच येतो आमच्या बोळात, म्हाताऱ्यांकडून ऐकून घ्यायला. भेटा त्याला, १४ बिऱ्हाडांचं सांगा. पोरगा चांगला आहे.

तिसरा जिना
दादाला घेऊन काल जाऊन आले. मुलगा भेटला, सगळं लिहून घेतलं. नळाला नंबर कोणाचा पहिला, आडात कोणाची कळशी पडली, मालकीणबाईंची मांजर, सगळं. दोनदा सॉरी म्हणाला, मलाच कसंतरी झालं. वॉचमननं दादाला कडी वाजवून बघायला दिली. वाजत नाही. बिल्डरनं चौकटीला ऑइलपेंट मारलाय त्यात चिकटून बसलीये.

ठोका
रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवा, सुटेल.

सासवडकर
रॉकेल मिळतं का हल्ली पुण्यात?