मदत हवी आहे: होम असिस्टंट, झिगबी सेन्सर आणि मध्येच विझणारा दिवा

नमस्कार मंडळी,
होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) सध्या ४ जीबी रॅमच्या जुन्या ६४-बिट लॅपटॉपवर चाचणीसाठी चालू आहे. गरजा मोजक्या आहेत: पॅसेजमध्ये हालचाल झाली की दिवा लागावा, मुख्य दार उघडं राहिलं तर फोनवर सूचना यावी, आणि इंटरनेट गेलं तरी दोन्ही चालावं.

१) लॅपटॉपच कायम ठेवू की रास्पबेरी पाय (मेमरी कार्डवर चालणारा छोटा संगणक) घेऊ?
२) दारावरचा झिगबी (स्मार्ट उपकरणांची कमी विजेवरची बिनतारी पद्धत) सेन्सर वारंवार 'अनुपलब्ध' दिसतो. झिगबीचा डोंगल (लॅपटॉपला लावायचा रेडिओ) थेट यूएसबी ३ पोर्टात आहे. झिगबी-टू-एमक्यूटीटीची (झिगबी उपकरणं होम असिस्टंटला जोडणारं सॉफ्टवेअर) सेटिंग्ज मूळचीच आहेत, वाय-फाय चॅनल १ वर आहे.
३) समोर माणूस असतानाही दिवा विझतो. ऑटोमेशन (आपोआप चालणारा नियम) असं: हालचाल दिसली, दिवा लावा, ३ मिनिटं थांबा, दिवा बंद करा.

प्रतिसाद १
लॅपटॉपच ठेवा. ४ जीबी रॅम पुरेशी आहे. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घाला, बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावरचा आधारही मिळतो. रास्पबेरी पायवर मेमरी कार्ड लवकर खराब होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नोंदींचा डेटाबेस त्यावर अखंड लिहीत राहतो.

राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता राखून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी पत्ता बदलेल आणि ८१२३ पोर्टवरचं होम असिस्टंटचं पान उघडणार नाही. बॅकअपची प्रत लॅपटॉपबाहेर ठेवा आणि त्याची एन्क्रिप्शन की (बॅकअप उघडायची किल्ली) वेगळी जपून ठेवा. ही की हरवली तर ती प्रत निरुपयोगी.

प्रतिसाद २
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. यूएसबी ३ पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतो आणि झिगबी नेमकं तिथेच बोलतं. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लॅपटॉपपासून दूर, मोकळ्या जागी ठेवा. यूएसबी २ पोर्ट असेल तर तोच वापरा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी हे करा.

मग चॅनल. झिगबी-टू-एमक्यूटीटी मुळात चॅनल ११ वापरतं, म्हणजे २४०५ मेगाहर्ट्झ. वाय-फायचा चॅनल १ साधारण २४०२ ते २४२२ व्यापतो. दोघं एकमेकांच्या अंगावर आहेत! क्रमांक दोन्हीकडे वेगळे मोजले जातात, म्हणून '१ आणि ११ लांब आहेत' असं वाटतं. राउटर 'ऑटो'वरून काढून चॅनल ११ वर, २० मेगाहर्ट्झ रुंदीवर पक्का करा. सेन्सर पुन्हा जोडावे लागणार नाहीत. शेजारचं वाय-फाय १ वर जोरात असेल, तर मात्र झिगबीच २५ वर न्या. त्यात उपकरणं पुन्हा जोडावी लागू शकतात, म्हणून ती थोडी असतानाच उरका.

एवढ्यानेही दाराचा सेन्सर जोडलेला राहिला नाही तर वाटेत एक झिगबी स्मार्ट प्लग लावा. बॅटरीवरची उपकरणं दुसऱ्याचा संदेश पुढे देत नाहीत, विजेवरची बहुतेक देतात. प्लग आधी जोडा, नंतर सेन्सर त्याच्या कायमच्या जागी ठेवूनच पुन्हा जोडा. प्लगऐवजी स्मार्ट बल्बवर भिस्त ठेवू नका: कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब गेला, आणि त्यामार्गे बोलणारे सेन्सरही गेले.

प्रतिसाद ३
दिव्याबद्दल. ऑटोमेशनचा मूळ मोड 'सिंगल' असतो. ३ मिनिटं चालू असताना आलेली नवी हालचाल त्यात दुर्लक्षित होते. मोड 'रीस्टार्ट' (नव्या हालचालीला ३ मिनिटं पुन्हा पहिल्यापासून) करून थोडं सुधारेल, पण सेन्सर सलग 'हालचाल आहे' याच स्थितीत राहिला तर नवा ट्रिगर (ऑटोमेशन सुरू करणारा इशारा) येतच नाही आणि दिवा विझतोच. म्हणून दोन ऑटोमेशन करा: 'हालचाल दिसली' यावर दिवा चालू, आणि 'सलग ३ मिनिटं हालचाल नाही' यावर बंद. काही बॅटरी सेन्सर एकदा हालचाल कळवल्यावर मिनिटभर गप्प राहतात, तेव्हा हा वेळ १ मिनिटाच्या खाली आणू नका.

धागाकर्ता
केबल लावली, राउटर ११ वर नेला, दाराचा सेन्सर आता स्थिर दिसतोय. इंटरनेट बंद करून पाहिलं तर दिवा चालतो, पण दाराची सूचना येत नाही. का?

प्रतिसाद २
फोनवरची सूचना मुळात गूगल किंवा ॲपलच्या सर्व्हरमार्गे येते, म्हणून. होम असिस्टंटच्या अँड्रॉइड ॲपच्या सेटिंगमध्ये तुमच्या लॅपटॉपवरच्या होम असिस्टंटशी थेट कायम जोडणी ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल आणि फोन घरच्या वाय-फायवर असेल तरच उपयोग. खात्रीचा उपाय हवा असेल तर झिगबी सायरन घ्या आणि दार सलग २ मिनिटं उघडं राहिलं की तो वाजवा.