मंचामागची जागा की वरचा मजला?

स्टेडियममधल्या संगीत कार्यक्रमाची मंचामागची आणि सर्वांत वरच्या मजल्यावरची तिकिटे एकाच किमतीत मिळत असतील, तर मी वरच्या मजल्यावरची, पण मंचासमोरची जागा घेईन. टांगलेल्या मुख्य स्पीकरच्या रांगा समोरच्या प्रेक्षकांकडे रोखलेल्या असतात. वरच्या पट्टीतील ध्वनी त्याच दिशेने जातो आणि खर्ज सर्वत्र पसरतो, त्यामुळे मागे बसणाऱ्याला बेसचा दणका भरपूर मिळतो, पण गाण्याचे शब्द पुसट होतात. बालगंधर्व रंगमंदिराच्या बाल्कनीत रमणाऱ्या पुणेकरांना उंचीची अडचण वाटू नये. १०० मीटरवर आवाज सुमारे ०.३ सेकंद उशिरा पोहोचतो, एवढे मात्र सोसावे लागते. मागून ड्रमवादकाचे हात जवळून दिसतात, हा आनंद खरोखर मोठा आहे. मेटॅलिका या अमेरिकी रॉक बँडने २०२३ च्या दौऱ्यात मैदानाच्या मध्यभागी वर्तुळाकार मंच उभारला, तेव्हा हा प्रश्नच उरला नव्हता.