मदत हवी आहे: फिनलंडमधलं पेतायावेसीचं जुनं लाकडी चर्च

नमस्कार मंडळी, फिनलंडमध्ये राहणारं किंवा लाकडी वास्तूंचा अभ्यास असलेलं कुणी आहे का इथे? पेतायावेसीच्या जुन्या लुथरन चर्चवर लेख लिहितोय. १७६३ ते १७६५ मध्ये याको लेप्पानेन नावाच्या सुताराने ओंडके रचून बांधलं, तेव्हा तिथे स्वीडनचं राज्य होतं, मग १८२१ ला त्याच्याच नातवाने घंटेचा मनोरा जोडला, म्हणजे घराण्याचंच काम म्हणा ना! १८७९ ला गावात नवीन चर्च झालं आणि हे मागे पडलं, तरी पाडलं नाही कुणी, आणि १९९४ ला थेट युनेस्कोच्या यादीत.

मला अडलंय ते असं की आराखडा क्रॉसच्या आकाराचा, मधे लाकडी घुमट, एवढं शहरी डिझाइन खेड्यातल्या सुतारापर्यंत पोचलं कसं? नकाशे फिरायचे की दुसरी चर्चं बघून शिकायचे? यावर इंग्रजीत काही चांगलं वाचायला असेल तर सांगा प्लीज. आणि प्रवचनाच्या मंचाखाली सेंट ख्रिस्तोफरची कोरीव मूर्ती आहे, तिचा जवळून काढलेला फोटो कुणाकडे असेल तर फारच बरं, मला सापडलेले सगळे लांबून काढलेत. भाचा युवास्कुलाला शिकतो, तिथून जेमतेम पस्तीसेक किमी, पण परीक्षा संपेपर्यंत तो काही हलणार नाही.