विषय: भारतात जाऊन मतदान: नाव, पासपोर्ट आणि केंद्रावरचे हक्क

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,

पुढच्या निवडणुकीला सुट्टी जोडून घरी जायचं आम्ही दोघांनी ठरवलंय, ते मतदान करायचं म्हणूनच. पासपोर्ट दोघांचेही भारतीय. जुनं मतदार ओळखपत्र जपून ठेवलंय, तेवढं पुरतं ना? सासूबाई ८७ वर्षांच्या आहेत, दृष्टी जवळजवळ गेलीय. त्यांच्याबरोबर मला आत जाता येईल का? आणि एक. आमच्या वहिनीला मागे केंद्रावर सांगितलं, "तुमचं मत होऊन गेलंय." ती बिचारी तशीच परत आली. असं झालं तर करायचं काय? श्रीकांतकाका, तुम्ही केंद्राध्यक्ष म्हणून ड्युट्या केल्यात, म्हणून विचारते.

अनघा

प्रेषक: श्रीकांतकाका

अनघा,

वहिनीचं वाचून फार वाईट वाटलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. तिने परत यायला नको होतं. आपल्या नावावर दुसऱ्याच कुणी मत देऊन गेलं असेल तर केंद्राध्यक्षांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "मला प्रदत्त मत द्यायचंय." निवडणूक संचालन नियम १९६१, नियम ४९पी. ओळखीबद्दल ते प्रश्न विचारतील. उत्तरं पटली की यंत्रावर नाही, पण कागदी मतपत्रिका द्यावीच लागते. ती वेगळ्या पाकिटात सीलबंद होते. एरवीच्या मोजणीत ती धरत नाहीत, हेही सांगून ठेवतो. पण तुमच्या नावाने खोटं मत पडलं याची सरकारी कागदावर नोंद राहते, आणि निकाल कोर्टात गेला तर तो कागद बोलतो. मुकाट्याने परत गेलेल्या माणसाची कुठेच नोंद नसते.

आता तुझं कार्ड. नाही, पुरत नाही. यादीतलं तुझं जुनं नाव 'सर्वसाधारण रहिवासी' म्हणून आहे आणि तू कित्येक वर्षं इथे राहतेस. आपल्यासारख्यांसाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २०अ घातलं गेलं, ते २०११ पासून लागू आहे. त्याखाली नमुना ६अ भरायचा: पासपोर्टवरचा फोटो, भारतातला पत्ता आणि व्हिसा असलेल्या पानांच्या प्रती जोडून. नाव पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात लागतं. बीएलओ (मतदान केंद्राच्या भागाचे निवडणूक अधिकारी) त्या पत्त्यावर चौकशीला येतात, तेव्हा घरच्यांना आधी कल्पना दे. जुनं कार्ड परत करायचं. जुन्या नावावरच मत देणारे पुष्कळ आहेत, मला ठाऊक आहे. मला ते पटत नाही. नोंदणीत खोटं लिहून देणं हा त्याच कायद्याच्या कलम ३१ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि हे निवडणूक जाहीर व्हायची वाट न पाहता आत्ताच कर. महाराष्ट्राची २०२४ ची विधानसभा बघ: १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, मतदान २० नोव्हेंबर. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव घालता येत नाही. म्हणजे जाहीर झाल्यावर जागं होणाऱ्याला जेमतेम दोन आठवडे, त्यात चौकशीही व्हायची. तिकीट काढायला महिनाभर मिळेल, नाव लावायला नाही.

केंद्रावर परदेशस्थ मतदाराची ओळख फक्त मूळ पासपोर्टवर पटवतात. आधार, पॅन, फोटोकॉपी काही चालत नाही.

सासूबाईंचं: नियम ४९एन प्रमाणे अंध किंवा अशक्त मतदाराला १८ वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. बटण दाबणारा हात तुझा असला तरी निवड त्यांची, हे विसरू नकोस. त्यांना जाणं झेपत नसेल तर ८५ वर्षांवरच्यांना घरून मतदानाची सोय आहे. त्यासाठी अधिसूचनेनंतर ५ दिवसांत नमुना १२ड द्यायचा. ती सोय मंजूर झाली की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, तेव्हा आधी त्यांनाच विचार.

श्रीकांत

प्रेषक: निखिल

काका, पासपोर्ट फोनमध्ये दाखवला तर? माझ्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) आहे, मला देता येईल का मत? आणि विमान उशिरा पोचलं, रांग मोठी असली तर?

प्रेषक: श्रीकांतकाका

निखिल, ओसीआयवर मत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की तो हक्क संपतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फोनमधला पासपोर्ट चालणार नाही आणि आत फोन वापरताही येत नाही, म्हणून तो बाहेर कुणाकडे तरी ठेवायचा.

रांगेची काळजी मात्र करू नका. वेळ संपायच्या क्षणी जो रांगेत आहे त्याला मत देऊ द्यावंच लागतं. आम्ही सही केलेल्या चिठ्ठ्या वाटायचो, त्या शेवटच्या माणसापासून पुढे. एक नंबर सर्वांत मागच्याला, म्हणजे त्याच्या मागे नवा कुणी येऊन उभा राहू शकत नाही. चिठ्ठी हातात असली की रात्र झाली तरी हलायचं नाही.

आणखी एक. एखादा पोलिंग एजंट (केंद्रावरचा उमेदवाराचा प्रतिनिधी) "ही ती बाई नव्हेच" म्हणाला तर घाबरू नका. त्याला आधी दोन रुपये भरून रीतसर आक्षेप घ्यावा लागतो. चौकशी करून निर्णय केंद्राध्यक्ष देतात, एजंट नाही. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेलं मत कागदावर छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, ती नीट बघा. वेगळंच चिन्ह दिसलं तर तिथल्या तिथे सांगा, नियम ४९एमए आहे. लेखी निवेदन घेऊन चाचणी मत घेतात. तक्रार खोटी निघाली तर शिक्षा आहे, म्हणून खात्री असेल तरच.

२०२४ च्या लोकसभेला १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते, मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० केरळचे. टपालाने किंवा ऑनलाइन सोय नाही हे कारण खरंच आहे, पण केरळच्या लोकांनाही ती नव्हतीच.

श्रीकांत

प्रेषक: मेधा (सचिव)

अनघा, काका, आभार. ज्यांना नमुना ६अ भरायचाय त्यांनी मला नुसतं नाव कळवा, आपण एकत्र बसून भरू. येताना पासपोर्ट आणा. पासपोर्टच्या प्रती कृपया या लिस्टवर पाठवू नका. पासपोर्टवर जुन्या घराचा पत्ता असेल तर तो तिकीट काढायच्या आधी तपासा, नाव तिथल्याच यादीत लागेल.

मेधा