मदत हवी आहे : आंतरराष्ट्रीय संबंधांच्या इतिहासात पीएचडी, कागद कुठून अन् कसे?

मंडळी, कुरखेड्याच्या एका मुलीसाठी विचारतो. एम.ए. इतिहास झालं, नेट-सेटची (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षांची) तयारी सुरू आहे. विषय : कोरियन युद्धानंतर 1953-54 मध्ये युद्धकैद्यांच्या प्रश्नात भारताची भूमिका. हा प्रश्न हाताळायला नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या होते, म्हणजे कागद इथलेही अन् बाहेरचेही.

अडचण कागदांचीच. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे दस्तऐवज-खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर फाईलची नोंद सापडते, पण प्रत्येक फाईल स्कॅन झालेली नसते. 25 वर्षांनी फाईल तिथं जावी हा नियम आहे. गोपनीय शिक्का निघाला नाही तर ती मंत्रालयातच अडकते. नुसत्या अमेरिकी कागदांवर लिहिलं तर प्रबंध वॉशिंग्टनच्या नजरेचा होतो. (मार्गदर्शकानं हे आराखड्याच्या वेळीच सांगायला पाहिजे, सांगत नाहीत.)

तर, फाईल क्रमांक घरूनच काढून नेले तर दिल्लीच्या एका फेरीला किती दिवस धरावेत? जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती) नसेल तर प्रवासाला मदत कुठून मिळते? अन् नेट इतिहासात असेल तर राज्यशास्त्राच्या जागेसाठी अर्ज छाननीतच उडतो का? अलीकडे मुलाखत दिलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.